संगणकाचे मांद्य आणि त्याचे निदान : अद्ययावतीकरण, विषाणुरोधक व कऱ्हाटीतील संगणककक्ष

संगणक मंदावला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा म्हणणाराच्या मनात एक तुलना असते. काल जे काम काही क्षणांत होत असे, त्यास आज मिनिटे लागतात, ही ती तुलना होय. ती मोजलेली नसते. परंतु न मोजलेली म्हणून ती खोटी ठरत नाही. अडचण पुढेच उद्भवते. टास्क मॅनेजर उघडला जातो, त्यात विषाणुरोधकाचे नाव सर्वांत वर दिसते, आणि तेवढ्यावरून दोष कोणाचा हे ठरून जाते. थोड्याच वेळात तो विषाणुरोधक बंद केला जातो, किंवा काढूनच टाकला जातो. यंत्र हलके होते, आणि निदान बरोबर होते अशी सर्वांची समजूत होते.

हे निदान बहुतेक प्रसंगी चुकीचे असते आणि त्यावरील उपाय कित्येकदा घातक ठरतो, हे दाखवून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संगणकप्रणालीचे अद्ययावतीकरण चालू असताना विषाणुरोधकाची हालचाल वाढते, हा बिघाड नव्हे. दोन रास्त कामे एकाच फाइलसंचयावर एकाच वेळी येऊन पडल्याचा तो परिणाम होय. म्हणून प्रश्न कोणते काम थांबवावे हा नसून, ती दोन्ही कामे नेमकी कचेरीच्या वेळी का येऊन पडतात हा आहे. क्वचित प्रसंगी मात्र हे मांद्य खरोखरच अनैसर्गिक असते. त्या थोड्या प्रसंगांना नेहमीच्या प्रसंगांपासून वेगळे काढता येणे, हीच निदानाची खरी कसोटी आहे.

विवेचनास एक प्रदेश समोर ठेवणे सोयीचे होईल. कऱ्हाटी या नावाने येथे बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा मुलूख अभिप्रेत आहे. कऱ्हा सोनगावाजवळ नीरेस मिळते आणि नीरा पुढे नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. मूळचा हा कमी पावसाचा प्रदेश. नीरा डाव्या कालव्याने त्याचा मोठा भाग बागायती झाला, आणि त्या बागायतीवर सोमेश्वरनगर, शिवनगर, भवानीनगर, बिजवडी व शहाजीनगर येथील सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालचे, तर विद्या प्रतिष्ठान १९७२ सालचे. अशा प्रदेशात संगणक केवळ प्रयोगशाळेत राहत नाही. तो पतसंस्थेत असतो, दूध संकलन केंद्रावर असतो, सातबाऱ्याचा उतारा देणाऱ्या सेवाकेंद्रात असतो आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरही असतो.

वजनकाट्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. ऊस घेऊन आलेल्या प्रत्येक वाहनाचे दोनदा वजन होते, एकदा भरलेले आणि एकदा रिकामे. समजा, एखाद्या काट्यावर दिवसाकाठी ३०० वाहने येतात आणि संगणकाच्या मांद्यामुळे प्रत्येक वजनास केवळ २० सेकंद अधिक लागतात. तेवढ्याने दिवसाला १२,००० सेकंदांची, म्हणजे ३ तास २० मिनिटांची तूट पडते. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. म्हणजे पडद्यावर फिरत राहणाऱ्या त्या निळ्या चक्राची किंमत अखेरीस ऊस उत्पादकाच्या पावतीवर उमटते. काट्यावरील कर्मचारी वैतागून विषाणुरोधक बंद करतो, त्यामागची निकड खरी असते. त्यास केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देणे न्यायाचे होणार नाही.

अद्ययावतीकरण व विषाणुरोधक यांची कार्यपद्धती

अद्ययावतीकरण म्हणजे नव्या फाइली आणून जुन्यांवर ठेवणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विंडोज प्रणालीपुरते पाहिले तर काम याहून बरेच गुंतागुंतीचे आहे. प्रणालीच्या प्रत्येक घटकाच्या आवृत्त्या विनएसएक्सएस नामक संचयात ठेवलेल्या असतात, आणि प्रत्यक्ष वापरातील फाइली बहुतांशी या संचयातील फाइलींचीच दुसरी नावे, म्हणजे हार्ड लिंक, असतात. अद्ययावतीकरणाचा गठ्ठा उतरला की ट्रस्टेड इन्स्टॉलर ही सेवा आणि तिचा सहायक टायवर्कर हे दोघे तो गठ्ठा उलगडतात, प्रत्येक तुकड्याची मुद्रा पडताळतात, जुन्या आवृत्तीवरून नवी फाइल सिद्ध करतात आणि जोडण्या बदलतात. यंत्र पुन्हा सुरू झाले म्हणजे काम संपले असेही नाही. डॉटनेटचा भाग अद्ययावत झाला असेल, तर त्याच्या आज्ञावल्यांचे यंत्रभाषेत पुनर्भाषांतर पार्श्वभूमीवर चालू राहते. शोधसूची पुन्हा बांधली जाते. कालबाह्य घटकांची सफाई तर किमान ३० दिवसांनंतर व्हावी अशी योजना आहे. त्यामुळे अद्ययावतीकरण परवा झाले, आज यंत्र का मंद, या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला असतो.

आता विषाणुरोधकाकडे वळू. तो प्रणालीच्या गाभ्यात, फाइलव्यवस्थेच्या वाटेवर, एक चौकी बसवतो. विंडोजमध्ये अशा चौक्यांना मिनिफिल्टर म्हणतात. त्यांच्या थराची उंची अंकांनी ठरवलेली असून विषाणुरोधकांसाठी ३,२०,००० पासूनचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे. कोणत्याही आज्ञावलीने एखादी फाइल उघडू म्हटले की ती विनंती या चौकीवर थांबते. गाभ्याबाहेर चालणारे तपासणीयंत्र फाइलीतील मजकूर ज्ञात लक्षणांशी ताडून पाहते, आणि होकार मिळाल्यावरच विनंती पुढे सरकते. नव्याने लिहिलेली फाइल बंद होतानाही अशीच तपासणी होते. प्रत्येक वेळी हे सर्व सोपस्कार करणे परवडणारे नसल्यामुळे एकदा तपासलेल्या फाइलीची नोंद ठेवली जाते. फाइल बदललेली नसेल आणि लक्षणांची यादीही तीच असेल, तर ती फाइल बिनदिक्कत सोडली जाते.

विषाणुरोधक एरवी जाणवत नाही तो या नोंदीच्या बळावर. अद्ययावतीकरणाच्या काळात नेमके हेच बळ नाहीसे होते. हजारो फाइली नव्याने लिहिल्या जातात. त्यांपैकी एकीचीही पूर्वनोंद नसते. त्याच सुमारास लक्षणांची नवी यादीही बहुधा येऊन पोचते, कारण अशा याद्या दिवसातून अनेकदा येतात. आणि यादी बदलली की जुन्या नोंदींवर विसंबता येत नाही. लिहिणारा आणि तपासणारा असे दोघे मग एकाच फाइलीवर एकापाठोपाठ जातात. टास्क मॅनेजरमध्ये विषाणुरोधक वर दिसतो तो यामुळे. त्याने हे काम आपण होऊन काढलेले नसते. टायवर्करने उघडलेल्या प्रत्येक फाइलीचा तपासखर्च त्याच्या खाती पडलेला असतो. श्रम एकाच्या नावे आणि निमित्त दुसऱ्याचे, ही गोष्ट या यादीवरून उमगत नाही.

हार्ड डिस्कचे गणित

कऱ्हाटीतील कचेऱ्यांत, किंबहुना कोणत्याही मध्यम ऐपतीच्या संस्थेत, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेली जुनी यंत्रे अजूनही कामात आहेत. तेथील मांद्य समजून घेण्यास थोडे गणित पुरे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग सुईखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, जातो. सुई योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी ९ मिलिसेकंद धरले, तर प्रत्येक विखुरलेल्या वाचनास सुमारे १३ मिलिसेकंद होतात. म्हणजे सेकंदाला अशी ७५-७६ वाचने. प्रत्येक वाचन ४ किलोबाइटांचे असेल, तर सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट हाती लागतात. वास्तविक सलग वाचनात तीच डिस्क शंभराहून अधिक मेगाबाइट देऊ शकते.

डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रत्यक्ष वाहतूक मात्र नाममात्र, हे पुष्कळांना बुचकळ्यात टाकणारे दृश्य यावरून उलगडते. तो १०० चा आकडा मालाचा नसून वेळेचा आहे. डिस्क पूर्ण वेळ गुंतलेली आहे, पण तिचा बहुतेक वेळ धावपळीत जातो आहे, असा त्याचा अर्थ.

नीरा डाव्या कालव्यावरील बागायतदारास ही स्थिती निराळ्या शब्दांत सांगता येईल. कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा शेजपाळीने, एकाला लागून दुसरा अशा क्रमाने, पाणी फिरते, म्हणून ते पुरते. तोच प्रवाह दर पाच मिनिटांनी या चारीवरून त्या चारीवर वळवीत राहिले, तर पाण्याचा बहुतेक वेळ चारी भिजविण्यातच जाईल आणि कालव्याच्या शेवटचा शेतकरी कोरडा राहील. अद्ययावतीकरण, विषाणुरोधक, शोधसूची आणि वापरणाराचे स्वतःचे काम असे चार हक्कदार एका सुईवर आले की नेमके हेच घडते. आणि त्यांत शेवटचा मान वापरणाराचा असतो. सुई नसलेल्या एसएसडी प्रकारच्या संचयात ही धावपळ उरत नाही. म्हणूनच जुन्या यंत्रात एसएसडी बसविल्याने विषाणुरोधक बंद केल्यापेक्षाही अधिक फरक पडल्याचा अनुभव येतो. मेमरी अपुरी असेल तर मात्र प्रणाली डिस्कचाच मेमरीसारखा वापर करू लागते, आणि तेव्हा पाचवा हक्कदार उभा राहतो.

रात्रीचे काम दिवसावर

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. ही सारी कामे दिवसाच का होतात? त्यांच्या कर्त्यांनी तर ती रात्रीसाठी योजिलेली आहेत. विंडोजमधील स्वयंचलित देखभालीची ठरीव वेळ पहाटे २ ची असते. डिफेंडरची नियमित तपासणीही यंत्र रिकामे असताना व्हावी अशीच व्यवस्था असते. मायक्रोसॉफ्टची मासिक अद्ययावतीकरणे २००३ सालापासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे १० वाजलेले असतात, म्हणजे भारतात मंगळवारची रात्र, ऋतुमानाप्रमाणे साडेदहा किंवा साडेअकरा. यंत्र रात्रभर चालू असते, तर बुधवारी सकाळी बराचसा कार्यभाग उरकलेला आढळला असता.

परंतु येथील रीत वेगळी आहे. संध्याकाळी संगणककक्षास कुलूप लावताना मुख्य स्विचच बंद केला जातो. वीजबिल, आगीची भीती, उन्हाळ्यातील वळवाच्या पावसात होणारा विजेचा लपंडाव, अशी त्याची कारणे समंजस आहेत. परिणाम मात्र असा होतो की पहाटे २ चे काम अपुरे राहते आणि यंत्र सुरू होऊन जरा निवांत झाले की ते हाती घेतले जाते. हा निवांतपणा कधी, तर सकाळी १० वाजता, प्रात्यक्षिकाचे विद्यार्थी येऊन बसले आणि अध्यापक फळ्यावर काही लिहू लागले तेव्हा. शिवाय सर्व यंत्रे एकदमच सुरू झालेली असल्याने चाळीस यंत्रे एकाच इंटरनेट जोडणीवरून तोच गठ्ठा मागू लागतात. शेतीपंपाची रात्रपाळीची वीज चुकली की दिवसा काय ओढाताण होते, हे ज्या प्रदेशास ठाऊक आहे, त्यास हे नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

महाविद्यालयांच्या संगणककक्षांत आणखी एक कारण आढळते, आणि ते सहजासहजी ध्यानात येत नाही. विद्यार्थ्यांनी केलेले फेरफार टिकू नयेत म्हणून तेथे पुनःस्थापक आज्ञावली बसविलेली असते. यंत्र पुन्हा सुरू झाले की सर्व काही पूर्ववत होते. या ‘सर्व काही’त कालचे अद्ययावतीकरण आणि लक्षणांची नवी यादीही मोडते. असे यंत्र दररोज सकाळी तोच गठ्ठा नव्याने उतरवते, तीच तपासणी पुन्हा करते, आणि संध्याकाळी सारे विसरते. प्रत्येक दिवशी सकाळी मंद आणि दुपारनंतर बरे, असा नियमित क्रम दिसला व अद्ययावतीकरणाच्या इतिहासात मात्र काहीच साचत नसेल, तर प्रथम ही शंका घ्यावी. महिन्यातून एकदा पुनःस्थापक सोडवून यंत्र पूर्ण अद्ययावत करणे व ती स्थिती नव्याने गोठविणे, एवढ्याने हा त्रास मिटतो.

निदानाचा क्रम

निदानात काळाचा प्रश्न सर्वांत आधी येतो, साधनांचा त्यानंतर. मांद्य केव्हा सुरू झाले, रोज की मधून मधून, ठराविक प्रहरी की केव्हाही, हे आधी लिहून काढावे. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर हे दुर्लक्षित साधन तारखेवार दाखवते, की कोणत्या दिवशी काय बसविले गेले आणि काय कोसळले. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की अर्धे निदान होते. त्यानंतर रिसोर्स मॉनिटरमधील डिस्कचा विभाग पाहावा. तेथे केवळ आज्ञावलीचे नाव नव्हे, तर ती या क्षणी कोणती फाइल वाचते आहे तेही दिसते. या लेखाच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची माहिती होय.

विषाणुरोधक विनएसएक्सएस किंवा सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन या फोल्डरांतील फाइली वाचत असेल, तर तो अद्ययावतीकरणाच्या मागोमाग चालला आहे. त्यास वेळ द्यावा. यंत्र विजेला जोडून तास-दोन तास स्वस्थ सोडले की ही हालचाल ओसरली पाहिजे. तो पुन्हा पुन्हा एकाच मोठ्या फाइलीवर, उदाहरणार्थ हिशेबाच्या डेटाबेसवर किंवा तिच्या दर तासाला घेतल्या जाणाऱ्या संकुचित प्रतीवर जात असेल, तर अद्ययावतीकरणाचा त्यात काही संबंध नाही. तो दुसऱ्याच एखाद्या विषाणुरोधकाच्या फाइली चाळत असेल, तर एका घरात दोन पहारेकरी आहेत आणि ते एकमेकांचीच झडती घेत आहेत, असे समजावे. वैयक्तिक वापराच्या विंडोजमध्ये दुसरा विषाणुरोधक रीतसर नोंदला गेला की डिफेंडर आपण होऊन बाजूस होतो. विंडोज सर्व्हरवर मात्र तसे घडत नाही, ते व्यवस्थापकाने स्वतः करावे लागते. कचेरीतील बाकी सर्व यंत्रे ठीक आणि सर्व्हरच तेवढा मंद, या तक्रारीचे मूळ येथे सापडण्याचा संभव मोठा.

याहून सूक्ष्म मापन हवे असल्यास डिफेंडरसोबत परफॉर्मन्स ॲनालायझर हे साधन येते. ठराविक काळाची नोंद घेऊन कोणत्या फाइलीने, कोणत्या प्रकारच्या फाइलींनी आणि कोणत्या आज्ञावलीच्या मागणीमुळे तपासणीचा किती वेळ खाल्ला, याची क्रमवारी ते मांडते. वर उल्लेखिलेला श्रम व निमित्त यांतील भेद येथे आकड्यांत दिसतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रयोगासाठी याहून चांगले साधन सहज मिळणार नाही. डिफेंडरच्या नियमित तपासणीस प्रोसेसरचा सरासरी ५० टक्के भाग द्यावा अशी मूळ मर्यादा असते. ती उतरविता येते. परंतु फाइल उघडतानाच्या तात्काळ तपासणीस ही मर्यादा लागू नाही, हे विसरल्यामुळे पुष्कळांचा भ्रमनिरास होतो.

मांद्याची काही कारणे या दोन्ही आज्ञावल्यांच्या बाहेरची असतात, व ती आधी वगळलेली बरी. एप्रिल-मे महिन्यांत या भागात उष्मा चाळिशीपार जातो. धुळीने माखलेला पंखा आणि वाळलेले उष्णतावाहक मलम असलेला प्रोसेसर तेव्हा स्वतःस वाचविण्यासाठी आपला वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा वेग ऐन कामात मूळ वेगाच्या खाली राहत असेल आणि तक्रार दुपारचीच असेल, तर कारण अद्ययावतीकरण नव्हे, धूळ होय. अद्ययावतीकरण चालू असता वीज गेली, तर प्रणाली पुढील खेपेस झालेले काम उलटवते, मग पुन्हा आरंभ करते. हे चक्र दोन-तीनदा फिरले की संचयच बिघडतो. इतिहासात तेच अद्ययावतीकरण वारंवार अयशस्वी म्हणून नोंदलेले दिसते, ते याचे गमक. अशा वेळी संचयाची दुरुस्ती करणारी डिझम व सिस्टम फाइल चेकर ही साधने, आणि अर्थात यूपीएस, हे उपाय आहेत. देवनागरी टंकनाच्या काही जुन्या आज्ञावल्या प्रत्येक कळ मधल्या मध्ये अडवून तिचे अक्षर बदलतात. कळा चोरणाऱ्या दुष्ट आज्ञावलीचे वर्तनही बाहेरून असेच दिसत असल्याने लक्षणसूची बदलल्यावर विषाणुरोधकाने त्यांस अकस्मात हटकणे अस्वाभाविक नाही.

खरोखर संशयास्पद अशी लक्षणे थोडी, पण ठळक आहेत. डिफेंडरच्या इंजिनाचेच नाव धारण केलेली आज्ञावली भलत्याच फोल्डरातून चालणे, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी नसणे. यंत्र रिकामे असता पंखा जोराने फिरणे आणि टास्क मॅनेजर उघडताच सारे शांत होणे. संरक्षण बंद केलेले आढळणे व ते पुन्हा चालू न होणे. आणि विशेषतः, तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांच्या यादीत कोणीही न घातलेल्या नोंदी दिसणे. ही शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आत शिरलेली दुष्ट आज्ञावली पुष्कळदा प्रथम स्वतःचेच नाव या यादीत लिहिते. अशा यंत्राचे इंटरनेट तोडावे, आणि प्रणाली सुरू होण्यापूर्वी चालणारी ऑफलाइन तपासणी करावी. अद्ययावतीकरणाच्या गडबडीत हे असेल म्हणून तिकडे काणाडोळा होणे, हा या सर्व गोंधळातील खरा धोका होय.

दोन्ही बाजूंचे दाखले

विषाणुरोधक नेहमी निर्दोषच असतो, असा याचा अर्थ नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या लक्षणसूचीने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही मूलभूत फाइलच विषाणू ठरवून उचलली, आणि असंख्य यंत्रे पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील मेल्टडाउन या दोषावरील दुरुस्ती काही विषाणुरोधकांशी जुळत नसल्याने, आपण सुसंगत आहोत अशी खूण विषाणुरोधकाने रजिस्ट्रीत केल्याखेरीज ती दुरुस्ती देऊच नये, असा मायक्रोसॉफ्टला निर्णय घ्यावा लागला. ९ एप्रिल २०१९ च्या अद्ययावतीकरणांनंतर सोफोस, अवास्ट, अविरा, मॅकॅफी यांसारखे विषाणुरोधक असलेली काही यंत्रे सुरू होतानाच मंदावली वा गोठली. हे तर प्रस्तुत विषयाचे शुद्ध उदाहरणच होय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-आज्ञावलीस पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली, आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. गाभ्यात चौकी बसविण्याची ही किंमत आहे.

परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. ज्या दोषातून १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय पसरला, त्यावरील दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध झालेली होती. अद्ययावतीकरण लांबणीवर टाकलेली यंत्रे त्यास बळी पडली. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या पसरला. त्याचा प्रवेश युक्रेनमधील एका करविषयक आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातूनच झाला होता, आणि त्याच्या तडाख्याने न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबले. म्हणजे अद्ययावतीकरण येते आहे म्हणून पहारा उठवावा, हा युक्तिवाद नेमका उलटा आहे. त्या वाटेवरही पहारा हवाच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारयंत्रणेत दुष्ट आज्ञावली शिरवून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. सहकारी संस्थांच्या या प्रदेशात ही घटना विसरण्याजोगी नाही.

योगायोगाने याच पुण्यात १९९० च्या दशकात कैलास व संजय काटकर या बंधूंनी संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून क्विक हील हा विषाणुरोधक उभा केला. दुरुस्तीस येणारी यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली असत, ही त्यामागची निकड होती. त्या काळी विषाणू फ्लॉपीवरून येई आणि विषाणुरोधक मागेल तेव्हाच तपासणी करी. आज तो सतत वाटेवर उभा असतो, म्हणून त्याचा भारही सतत असतो. मांद्याच्या तक्रारीत ही ऐतिहासिक पार्श्वभूमी सहसा ध्यानात घेतली जात नाही.

उपाय कोणते

उपाययोजना वेळेची असावी. दुसऱ्या मंगळवारानंतरच्या बुधवारी, निदान त्या एका रात्री, कक्षातील यंत्रे चालू ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते शक्य नसेल, तर आठवड्यातील एक मोकळी दुपार अद्ययावतीकरणास द्यावी. कामाचे तास प्रणालीस कळविण्याची सोय आहे. ती १८ तासांपर्यंत ताणता येते, पण तिने केवळ पुनरारंभ टळतो, पार्श्वभूमीचे काम नव्हे. चाळीस यंत्रांपैकी प्रथम चार-पाचांवर नवी दुरुस्ती येऊ द्यावी, काही दिवस पाहावे आणि मग उरलेल्यांवर. २०१९ व २०१० सारख्या प्रसंगांतून वाचण्याचा हाच मार्ग आहे. मात्र ‘काही दिवस’ म्हणजे दोन महिने नव्हेत.

तपासणीतून फाइली वगळण्याचा उपाय शेवटी आणि हात आखडून वापरावा. वजनकाट्याच्या उदाहरणात केवळ डेटाबेसच्या चालू फाइली वगळणे क्षम्य होईल. सबंध फोल्डर, आणि त्याहून वाईट म्हणजे सबंध ड्राइव्ह वगळणे, म्हणजे चौकी ठेवून दार दुसरीकडे पाडण्यासारखे होय. जे वगळले त्याची तारीखवार नोंद कागदावर ठेवावी, म्हणजे वर सांगितलेल्या परक्या नोंदी ओळखता येतील. गाळप हंगामाच्या ऐन भरात काट्याचे यंत्र अद्ययावत करण्याचा प्रसंगच येऊ नये, यासाठी ते काम हंगामापूर्वी उरकून, हंगामात केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरलेल्या पाळीत घ्याव्यात, आणि शेजारी दुसरे सिद्ध यंत्र ठेवावे.

एक शेवटचा मुद्दा जुन्या यंत्रांचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विस्तारित योजनेत न नोंदलेल्या यंत्रांना त्यानंतर मासिक दुरुस्त्या येत नाहीत. डिफेंडरच्या लक्षणसूची मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. अशा यंत्रावर दुसऱ्या बुधवारची ती सकाळची ओढाताण दिसणार नाही. ते पूर्वीपेक्षा सुरळीत चालल्यासारखे वाटेल, आणि त्यावरून त्याची प्रकृती सुधारली असा समज कचेरीत पसरेल. वस्तुतः त्याच्यातील नवे दोष बुजविण्याचे काम तेवढे थांबलेले असेल. अशी यंत्रे कोणत्या कक्षात किती आहेत, त्यांवर कोणाची खाती व कोणते हिशेब आहेत, याची यादी प्रत्येक विभागाने आताच करून ठेवावी.